पाऊस आला तरी पूर्णाहुती

मृग कोरडा गेला, आर्द्राही तशाच निघाल्या, की जालना जिल्ह्यातल्या परतूर तालुक्यात पावसाचे सगळे उपाय एकदम घराबाहेर येतात. पोरं कडुलिंबाच्या डहाळ्या बांधून धोंडी काढतात. कुठे गाभाऱ्यात घागरीवर घागरी ओतून महादेवाची पिंड बुडवतात आणि देवाला कोंडून ठेवतात. मुसलमान मंडळी मोकळ्या मैदानात पावसाची खास नमाज पढतात. आणि ज्या गावाची वर्गणी बऱ्यापैकी जमते तिथे मारुतीच्या पारासमोर मंडप पडतो, विटांचं कुंड रचलं जातं, बाहेरगावाहून गुरुजी येतात आणि पर्जन्ययाग मांडला जातो. सरकारचीही एक आग आहेच. २०१५ साली आणि पुन्हा २०१९ साली मराठवाड्यात कृत्रिम पावसाचा प्रयोग झाला, तेव्हा औरंगाबादहून उडणाऱ्या विमानाच्या पंखांवर रसायनांच्या नळकांड्या लावलेल्या असत आणि त्या ढगाजवळ नेऊन पेटवल्या जात. पारावरची माणसं हा फरक बरोबर टिपतात: आमच्या आगीला अंधश्रद्धा म्हणता, विमानातल्या आगीला प्रयोग. (विमानवाल्यांच्या बाजूने एवढं म्हणायला हवं की पुढे पाऊस किती पडला, याचा हिशेब त्यांना कुणीतरी विचारतं.)

यागावरचा वाद दरवर्षी त्याच चाकोरीतून जातो. एक बाजू म्हणते, तुपाचा धूर वर गेला की ढग धरतात, हवा शुद्ध होते, जंतू मरतात. दाखल्याला लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेचा २००७ सालचा अभ्यास काढला जातो. तो अभ्यास खरा आहे. बंद खोलीत आंब्याचं लाकूड आणि हवनसामग्री तासभर जाळल्यावर हवेतल्या जिवाणूंची संख्या ९४ टक्क्यांनी घटल्याची नोंद त्यात आहे. पण खोली बंद होती, आणि जिवाणू म्हणजे ढग नव्हे. शिवाय ज्या बायकांनी पऱ्हाट्या आणि गोवऱ्या फुंकत जन्म काढला, त्यांच्यापुढे धुराचं औषधी माहात्म्य सांगायला जाऊ नये. दुसरी बाजू म्हणते, एवढं तूप जाळण्यापेक्षा लेकरांच्या पानात वाढा. हे बोलणं ऐकायला चोख आहे. पण मंडपाची वर्गणी वाचली म्हणून त्या पैशाचं तूप लेकरांच्या पानात पडलंय, असं सहसा घडत नाही.

दोन्ही बाजू भांडतात खऱ्या, पण दोघींचा प्रश्न एकच आहे: यातून मिळतं काय? एकीला वाटतं पुष्कळ मिळतं, दुसरीला वाटतं काहीच मिळत नाही. माझं म्हणणं असं की यज्ञाचा आध्यात्मिक अर्थ हा प्रश्न जिथे गळून पडतो तिथून सुरू होतो. ही कुणा आधुनिक स्वामींनी केलेली सारवासारव नाही. ज्यांनी यज्ञ हाच आयुष्याचा विषय केला, विटा मोजल्या, आहुत्या मोजल्या, चुकीला प्रायश्चित्तं ठरवली, त्या कर्मठांच्याच ग्रंथांत ही गोष्ट बसलेली आहे.

पावसासाठीचा वैदिक विधी म्हणजे कारीरी इष्टी. तैत्तिरीय संहितेत तिचं वर्णन येतं. करीर म्हणजे आपली नेपती, कोरड्या मुलखातलं जवळजवळ बिनपानांचं काटेरी झुडूप. तिच्या फळांचं पीठ मधात मळून पिंड्या करायच्या आणि यजमानाने काळं वस्त्र नेसायचं, जणू ढगाचंच सोंग. जिथे दुसरं काही तग धरत नाही तिथलं फळ पावसाच्या देवांना द्यायचं, ही कल्पना ज्याला सुचली त्याने दुष्काळ जवळून पाहिला असणार.

मग पाऊस नाही आला तर? हा प्रश्न अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी पहिल्यांदा विचारला असं कुणी समजू नये. न्यायसूत्रांवरच्या भाष्यात पूर्वपक्ष स्वच्छ म्हणतो की पुत्रकामेष्टी करूनही मुलगा होत नाही, तेव्हा वेद खोटा. त्यावरचं सूत्रकार गौतमांचं उत्तर वकिली थाटाचं आहे: कर्मात, कर्त्यात किंवा साधनात काही उणं राहिलं असेल. म्हणजे तूप भेसळीचं, मंत्र चुकलेला, नाहीतर यजमान अपात्र. हे उत्तर मला पटत नाही. कुठल्याही अपयशाला पुरणारं उत्तर शेवटी कशाचाच उलगडा करत नाही. गावोगावचे गुरुजी आजही तेच देतात, आणि गावही मान डोलावतं, कारण भेसळीचं तूप कुणी आणलं याचा संशय कुणावर ना कुणावर असतोच.

याहून कितीतरी खोल विचार जैमिनींच्या मीमांसेत सापडतो, आणि तोही भलत्याच प्रश्नाच्या निमित्ताने. समजा, एखाद्याने काही इच्छा धरून कर्म आरंभलं आणि ते अर्धवट असतानाच इच्छा पुरी झाली. पावसासाठी बसला आणि पहिल्याच दिवशी धो धो पाऊस आला. आता उरलेलं कर्म करायचं की मंडप गुंडाळायचा? व्यवहारी माणूस म्हणेल, गुंडाळा, तूप वाचवा. मीमांसकांचा निर्वाळा उलट आहे. काम्य कर्म धरायचं की नाही हे तुमच्या मर्जीवर. पण एकदा धरलं की ते तडीस न्यायचंच, मग इच्छा पुरी झालेली असो की मनातून उतरलेली असो.

वरवर पाहता ही तांत्रिक बाब आहे. पण त्या यजमानाची अवस्था डोळ्यांपुढे आणा. ज्यासाठी तो आला होता ते त्याला मिळून गेलं आहे. मंडपावर पाऊस वाजतो आहे, मागची माणसं केव्हाच बैल-औताकडे पळाली आहेत, आणि हा अजून आगीपुढे पाटावर बसून तूप सोडतो आहे. आता कशासाठी? सौद्यात माल हाती आला की कुणी पुढचा हप्ता आपणहून भरत नाही. म्हणजे हा सौदा नव्हता, किंवा सौदा म्हणून सुरू झाला असला तरी वाटेत दुसरंच काही झाला. मागायला बसलेल्या माणसाला शास्त्राने कसलाही उपदेश न करता देणारा करून ठेवलं. कर्मकांडावर जी टीका झाली ती देवाशी देवाणघेवाण म्हणून झाली. पण त्या कर्मकांडाच्या सर्वांत कडक वकिलांनीच ही देवाणघेवाण आतून मोडून ठेवली होती, याकडे टीकाकारांचं फारसं लक्ष गेलेलं नाही, आणि समर्थकांचं तर मुळीच नाही.

फ्रिट्स स्टाल या डच पंडिताने १९७५ साली केरळातल्या पांजाळ गावी नंबुद्री ब्राह्मणांनी केलेलं बारा दिवसांचं अग्निचयन चित्रित करवलं, आणि पुढे असा सिद्धान्त मांडला की अशा विधींना मुळात अर्थच नसतो, नियम तेवढे असतात. यात अर्धं खरं आहे. कुठल्याही गुरुजींना विचारा, ही पळी अशीच का धरायची. उत्तर मिळेल, अशीच धरायची असते. पण नियमांच्या या जंगलात एक जागा अशी आहे की जिथे अर्थ लपलेला नाही. मीमांसक याग तीन गोष्टींत बसवतात: द्रव्य, देवता आणि त्याग. धूर, कुंड, इतकंच काय, आगसुद्धा या व्याख्येत नाही. द्रव्य अग्नीत टाकलं की त्याला होम म्हणतात. याग त्याआधीच झालेला असतो, यजमानाने त्या वस्तूवरचा आपला हक्क मनाने सोडला तेव्हा.

मंडपात हे कसं दिसतं तेही पाहू. यजमान नव्या सोवळ्यात, जे त्याला सारखं सावरावं लागतंय. शेजारी शालू नेसलेली त्याची बायको. गुरुजी मधूनमधून बजावतात, ‘ताई, हाताला हात लावा’, म्हणून ती दोन बोटं त्याच्या हाताला टेकवून बसली आहे. समोर रुई, आघाडा, पळस, पिंपळ, उंबर, शमी. नवग्रहांच्या नऊ समिधांपैकी बऱ्याचशा बांधावर आणि ओढ्याकाठी फुकट मिळतात. खैरासाठी थोडं हिंडावं लागतं. गुरुजी सांगतात, ‘स्वाहा म्हटलं की सोडा, आणि मग म्हणा, इदं न मम.’ पहिल्या दहा-वीस वेळा यजमान हे शब्द नीट म्हणतो. मग ते ओठांतल्या ओठांत ‘इदन्नम’ होतात, मग नुसतीच मान हलते. त्याची नजर तुपाच्या पातेल्यावर असते, पुरेल की नाही. दुसरी नजर मोबाइल धरलेल्या पुतण्यावर, फोटोत कुंड येतंय की नाही. हे माझं नाही, असं शेकडो वेळा म्हणून झाल्यावर दुपारी पंगतीत तोच यजमान शेजाऱ्याला सांगतो, ‘सगळं तूप आपलं होतं.’

हे कुचेष्टेने लिहीत नाही. माणूस असाच असतो, म्हणून तर ते वाक्य एकदा म्हणून भागत नाही.

त्यागाला मीमांसकांनी आणखी एक अट घातली आहे, आणि ती आज फार कामाची आहे: जे सोडायचं ते आपलं असलं पाहिजे. विश्वजित यागात यजमानाने सर्वस्व द्यायचं असतं. मग सर्वस्वात काय काय येतं यावर काथ्याकूट होतो. आई-बाप येत नाहीत, कारण त्यांच्यावर कुणाची मालकी नसते. आणि भूमी येत नाही. सार्वभौम राजालाही ती देता येत नाही, कारण ती सर्वांची सारखीच आहे. आता निम्न दुधना धरणाच्या पाण्याकडे पाहा. त्याखाली परतूर आणि सेलू तालुक्यांतली शिवारं गेली. अशा वेळी व्यासपीठावरून ‘विकासाच्या यज्ञात आहुती’ असं बोलायची आपल्याकडे रीत आहे. ज्याची जमीन गेली तो त्या यज्ञाचा यजमान नव्हता. संकल्प त्याने सोडला नव्हता, पळी त्याच्या हातात नव्हती. दुसऱ्याचं द्रव्य अग्नीत घालून पुण्य आपल्या नावावर लावायची सोय कुठल्याही शाखेच्या कोणत्याही सूत्रात नाही.

पळी कुणाच्या हातात, हा प्रश्न निघालाच आहे तर तो पुरता बोलून टाकावा. श्रौत अग्नीचा अधिकार तीन वर्णांपुरता होता. रथकाराला वर्षा ऋतूत अग्न्याधान करता येतं, निषादांच्या प्रमुखाला एक इष्टी करता येते, असे एक-दोन अपवाद. बायकोवाचून यजमानाला बसता येत नसे, पण बायकोला एकटीला मुळीच नाही. ती आधी वारली तर त्या अग्नींनीच तिचं दहन व्हायचं आणि नवऱ्याचा अग्नी संपायचा. अधिकाराच्या या कुंपणावर जोतीराव फुल्यांनी घाव घातला, तो बरोबरच होता. १८७३ साली सत्यशोधक समाजाने ब्राह्मणाशिवाय लग्न लावून दाखवलं, आणि संसार काही अडले नाहीत. ज्या त्यागाचा एवढा गौरव करायचा तो करायची मुभाच बहुसंख्यांना नाही, हा दोष झाकून यज्ञाचा अर्थ सांगता येणार नाही.

पण आग कुंपणात कधीच राहिली नव्हती, हेही तितकंच खरं. या भागातल्या बंजारा तांड्यांवर १५ फेब्रुवारीला सेवालाल महाराजांच्या जयंतीला भोग लावतात. निखाऱ्यांवर तूप आणि गोड नैवेद्य वाहतात, अरदास म्हणतात. तिथे गुरुजी नाही, संस्कृत नाही, सोवळं नाही. गोरमाटी बोलीत मागणं मागतात आणि तांड्यातल्या शहाण्यासुरत्या माणसाच्या हातून तूप पडतं. द्रव्य आहे, देवता आहे, त्याग आहे. जैमिनींची व्याख्या पुरी होते. होळीत पुरणपोळीचा निवद टाकणारी बाईही त्याच व्याख्येत बसते. अक्कलकोटच्या शिवपुरीत गजानन महाराजांनी (१९१८–१९८७) अग्निहोत्र पुन्हा सुरू केलं तेव्हा जात, धर्म, स्त्री-पुरुष या अटी काढूनच टाकल्या. तांब्याचं छोटं पात्र, गोवऱ्या, तुपात भिजवलेले चिमूटभर अखंड तांदूळ, आणि वेळ मात्र त्या त्या गावच्या सूर्योदय-सूर्यास्ताची. परतूरला सूर्य मुंबईच्या तेरा-चौदा मिनिटं आधी उगवतो, तर परतूरकराने तेवढं आधी बसायचं. या अग्निहोत्राने पिकं वाढतात, हवा सुधारते वगैरे जे दावे होतात त्यांत मला रस नाही. ती वेळेची अट मात्र मला महत्त्वाची वाटते. आपल्या सोयीने नाही, आपण राहतो त्या जमिनीच्या वेळेने उठायचं. तांदूळ चिमूटभरच जातात. खरं सोडावं लागतं ते आपलं वेळापत्रक.

पावसाच्या यागाबद्दल मराठीत सर्वांत कडक कुणी लिहिलं असेल तर ते ज्ञानदेवांनी. शके १२१२ मध्ये नेवाशाला सांगितलेल्या ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचं विवेचन करताना ते नेमकं हेच उदाहरण घेतात. पाऊस नाही म्हणून जग गांजलं, म्हणून पर्जन्येष्टी करायची, आणि तिच्या बुडाशी रोख पशुहत्या. फांद्या तोडून त्याच झाडाला कुंपण घालण्यासारखं हे, असं ते म्हणतात. आणि हेच ज्ञानदेव तिसऱ्या अध्यायात यज्ञ टाकून देत नाहीत. स्वधर्म हाच नित्य यज्ञ, असं सांगून ते आग मंडपातून उचलून माणसाच्या रोजच्या कामात नेऊन ठेवतात.

यापुढे मोठं पाऊल विनोबांचं. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि ती साने गुरुजींनी उतरवून घेतली. त्यांतल्या सतराव्या अध्यायात यज्ञाचा अर्थ अगदी हिशेबी भाषेत येतो. आपण वापरतो त्याने सृष्टीची झीज होते, ती भरून काढणं म्हणजे यज्ञ. पीक घेतलं की जमीन झिजते; तिला नांगरट, खत, विश्रांती द्यायची. विहिरीचं पाणी वापरलं तर तिच्याभोवतीची घाण काढायची. यात देवाकडे मागणं नाही, उधारी फेडणं आहे. माझ्या मते पर्जन्ययागाच्या मंडपात सांगावा असा दुसरा अर्थ नाही, कारण परतूरच्या शिवारात झीज नजरेला दिसते.

तालुक्याच्या दक्षिण भागातून जायकवाडीचा डावा कालवा जातो, उत्तरेकडे दुधना. या दोन्हींच्या मध्ये आणि पलीकडे बोअर. पाऊस साधारण साडेसहाशे ते साडेसातशे मिलिमीटरचा, आणि त्यावर ऊस. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळून गेल्या; लेकरासारखी वाढवलेली झाडं तोडून सरपणाला घालावी लागली. तीही आगच होती, पण तिला कुणी यज्ञ म्हटलं नाही. ऊस तुटला की फडातलं पाचट पेटवतात. रात्री रस्त्याने जाताना रानच्या रान लाल दिसतं. जे जमिनीत कुजून परत जायचं ते तासाभरात राख होतं. इथे कुंडाचा विचार करावा. जुन्या ग्रंथांत कुंडाचं माप आहुत्यांवर ठरतं. हजार आहुत्यांना एक हात, दहा हजारांना दोन, लाखाला चार. शुल्बसूत्रांनी तर गोल गार्हपत्य, चौकोनी आहवनीय आणि अर्धचंद्राकार दक्षिणाग्नी यांचं क्षेत्रफळ सारखं यावं म्हणून भूमितीची खटपट केली. हा सगळा उद्योग आगीला वेसण घालण्याचा आहे. ती कुठवर जाईल, किती खाईल, हे आधी ठरलेलं हवं. पाचटाच्या आगीला ना माप, ना देवता, ना त्याग.

अर्थात शेतकऱ्याला पाटावरून उपदेश करणं सोपं आहे. पाचट कुट्टी करायला यंत्राचं भाडं पडतं, मजूर मिळत नाही, खोडवा लवकर धरायचा असतो. पऱ्हाटीचं प्रकरण आणखी अवघड. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला, तेव्हापासून कृषी खातंच सांगतं की फरदड घेऊ नका, पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवू नका, त्यांची विल्हेवाट लावा. त्या आगीमागे कारण आहे. सगळीच राख पाप नसते. म्हणून सरसकट काही म्हणण्यापेक्षा मी मंडपात परत जातो, कारण तिथे एक जागा मोकळी आहे.

होमाच्या आधी संकल्प होतो. गुरुजी देशकालाचा उच्चार करतात. पुण्या-साताऱ्याकडे गोदावरीचा दक्षिण तीर म्हणतात. परतूरला गोदावरीचा उत्तर तीर म्हणावा लागतो, आणि शहरात शिकून आलेला तरुण गुरुजी तिथे हमखास अडखळतो. मग तिथी, नक्षत्र, यजमानाचं नाव-गोत्र, आणि शेवटी इच्छा: सुवृष्टी व्हावी. काय हवं ते एवढ्या तपशिलाने सांगितलं जातं. काय सोडणार ते तुपापुरतंच. तिथे यजमानाने, संस्कृतात नको, मराठीत, एक ओळ घालावी. या साली नवं बोअर घेणार नाही. किंवा एक एकर ऊस मोडून तूर घालीन. किंवा माझ्या फडाचं पाचट माझ्याच रानात कुजेल. मग पाऊस आला तरी ती ओळ सुटणार नाही, कारण आरंभलेलं कर्म तडीस न्यायचं असतं. नाही आला तर मोडण्याचा प्रश्नच नाही.

कुणी म्हणेल, दोन एकर कोरडवाहूवाला बिचारा काय सोडणार? त्याने काही सोडू नये. त्याच्याकडून त्याग मागणं म्हणजे पुन्हा दुसऱ्याचं द्रव्य अग्नीत घालणं. ही ओळ त्याने म्हणायची ज्याच्याकडे पाणी आहे. आणि त्याला शोधत हिंडावं लागणार नाही. सर्वांत मोठी वर्गणी देऊन मानाच्या पाटावर जो बसतो, त्याच्याच शेतात बहुतेक गावांत सर्वांत जास्त बोअर असतात.